तळटीप १४ : पीपीपी आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’
विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही मोजक्याच शहरांत. सातारा (०२१६२) किंवा सांगलीहून (०२३३) जोडणी हवी असेल, तर मोडेमने पुण्याला वा मुंबईला एसटीडी लावावा लागे. म्हणूनच इथल्या बहुतेक नोंदी रात्री उशिराच्या, दर उतरल्यानंतरच्या आहेत.

स्वस्तातल्या ‘शेल’ खात्यात आपला संगणक केवळ पडदा असे. काम चाले ते निगमाच्या युनिक्स यंत्रावर. तिथे ‘पाइन’मध्ये ईमेल आणि ‘लिंक्स’मध्ये चित्रांवाचूनचा मजकूर वाचता येई. घरचा लिनक्स संगणक स्वतः जाळ्यात आणायचा, तर टीसीपी-आयपी खाते लागे. मग ‘चॅट’ हा प्रोग्रॅम मोडेमला ‘एटीडीटी’ व पुढे क्रमांक देऊन फोन लावी, ‘पीपीपीडी’ पलीकडून तात्पुरता आयपी पत्ता घेई आणि ‘डिफॉल्टरूट’ हा पर्याय दिला असेल तर बाहेरची सगळी पॅकेट त्याच वाटेने जात.

‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही साध्या मजकुराची फाइल. तीत ‘नेमसर्व्हर’ या शब्दापुढे नाव उलगडून देणाऱ्या यंत्राचा आकडी पत्ता लिहितात. लिनक्सवर अशा पहिल्या ३ ओळीच वाचल्या जातात. ही ओळ चुकली, की आकडी पत्त्याला केलेल्या ‘पिंग’ला उत्तर येते, नावाने केलेल्याला येत नाही. बिघाड शोधताना म्हणून आधी आकडा, मग नाव, हा क्रम पाळतात.