यंत्रावाचून आइस्क्रीम : कुल्फीची कुळकथा

घरच्या आइस्क्रीमचा विषय निघाला की "आमच्याकडे पॉट कुठे आहे?" हा प्रश्न पाठोपाठ येतोच. जणू पॉट आधी जन्मला आणि आइस्क्रीम मागाहून! इतिहास चाळला तर क्रम नेमका उलटा निघतो.

हाताने फिरवायच्या पॉटचे पेटंट अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली घेतले. (एका स्त्रीने, हे आपण मुद्दाम ध्यानात ठेवावे.) त्यापूर्वी युरोपात बर्फ-मिठाच्या बादलीत धातूचे भांडे ठेवून ते हातानेच हलवीत आणि कडेला धरलेला थर खरवडीत. आपल्या कुल्फीला तर खरवडण्याचेही काम नाही. हा शब्द फारसीतून आला. त्याचे मूळ अरबी 'कुफ्ल', म्हणजे कुलूप. आपले 'कुलूप'ही त्याच घराण्यातले. झाकण लावून कुलपासारखी बंद केलेली, ती कुल्फी.

कुल्फी अकबराच्या मुदपाकखान्यात जन्मली असे सर्रास लिहितात. अबुल फझलच्या 'ऐन-इ-अकबरी'त सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची रीत आहे खरी. १५८६ पासून उत्तरेकडील डोंगरांतून, सुमारे ४५ कोसांवरून, लाहोरास बर्फ येई, हेही त्यात आहे. पण सोऱ्याने पाणी गार होते, दूध गोठत नाही. त्याला बर्फ आणि आपले साधे मीठच हवे. मीठ बर्फाला वितळायला लावते आणि वितळताना बर्फ भोवतालची उष्णता ओढून घेतो. या मिश्रणाचे तपमान शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

खरी अडचण बर्फाची होती. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ जहाजाने कलकत्त्यास धाडला. पुढच्याच वर्षी तो मुंबईसही उतरला. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी त्या वेळी 'मुंबई समाचार'ने दिल्याचे सांगतात. आजही मुलांना आइस्क्रीम देताना घरोघरी तोच धाक ऐकू येतो!

बादशहाचा बर्फ, व्यापाऱ्याची जहाजे, बाईंचे पेटंट, सगळ्यांची नोंद झाली. दूध आटवणाऱ्यांची मात्र कोणी ठेवली नाही, आणि यंत्राची गरज तर त्यांनीच उडवली आहे. साध्या दुधात पाणीच फार. ते गोठताना बर्फाचे खडे धरतात, म्हणून पॉट सतत फिरवून ते मोडावे लागतात. दूध आटवले की पाणी आधीच उडालेले असते आणि खडे बारीक राहतात. हलवायाच्या भट्टीशी असो की घरच्या चुलीशी, तासभर उलथणे हलवीत, कडेची साय पुन्हा दुधात लोटीत उभे राहायचे, हेच त्यातले यंत्र. आटवण्याऐवजी कॉर्नफ्लोअर लावून वेळ वाचवणाऱ्या आहेत. चालते, पण ती चव नाही.

लिटरभर म्हशीचे दूध निम्म्याहून कमी उरेपर्यंत आटवावे. साखर उतरवण्यापूर्वी थोडा वेळ घालावी, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच, कारण गार जिभेला गोडी कमी लागते. पण फार घातली तर कुल्फी धरत नाही. पूर्ण निवल्यावर वेलदोडा, पिस्ते घालून अरुंद साच्यांत भरावे. फ्रीजर असेल त्यांचे काम इथेच संपले. नसेल तर मडक्यात तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग जाडे मीठ, आणि साच्यांच्या तोंडांना भिजवलेली कणीक. कणकेत कंटाळा करू नये. खारे पाणी आत शिरले की सारे दूध वाया. वर ओले गोणपाट टाकून मडके अधूनमधून हलवावे. दोनएक तासांनी साचा बाहेर काढून आधी वरचे मीठ धुवावे, मग तो दोन्ही तळव्यांत धरून फिरवावा. हाताच्या उबेने कुल्फी आपोआप सुटून बशीत येते.