मांडीवरचा डाव

पनवेल मागे पडते. बाकाखाली सामान लागते, डब्यातला जीव थोडा थाऱ्यावर येतो आणि कोकणात निघालेल्या कुटुंबातले कोणीतरी पिशवीच्या कप्प्यातून रबरबँड लावलेला पत्त्यांचा जोड काढते. समोरासमोरच्या बाकांवरचे चौघे गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मध्ये एक टॉवेल ताणला जातो, त्याची दोन टोके दोघांच्या मांडीखाली दाबली जातात. वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून खिडकी अर्धी ओढली जाते. मग नेहमीचे शब्द सुरू होतात: पीस, काप, वाट, उतारी कोणाची? बोगदा आला की क्षणभर सगळे थांबतात आणि आपापली पाने छातीशी धरतात.

हीच गाडी पुढे सावंतवाडी रोडला थांबते. स्टेशनापासून थोड्याच अंतरावर मोती तलावाकाठच्या राजवाड्यात आजही गंजिफा हे जुन्या धाटणीचे पत्ते हाताने रंगवले जातात. ते पत्ते मात्र या टॉवेलवर कधीच मावले नसते. गंजिफांपासून बदाम सातपर्यंतच्या या वाटचालीत प्रवासाने खेळाला किती छाटले, सोपे केले आणि किती जणांसाठी खुले केले, हे पाहण्यासारखे आहे.

भारतातल्या पत्त्यांच्या जुन्यात जुन्या नोंदींपैकी एक आहे तीच मुळी प्रवासाची. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवले. शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्याने ते मागवले होते, असे बाबराने आपल्या आठवणींत लिहिले आहे. पुढे अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या जोडाचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केले. आठ रंगांचा ९६ पानांचा मोगल जोडही देशभर पसरला. दख्खनेत आणि कोकणात मात्र हा खेळ दशावतारी झाला. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह असे दहा अवतार म्हणजे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०.

सावंतवाडीचे पान गोल असते. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, खडूचा लेप देऊन पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करायचा, वर्तुळे कापायची, चित्र रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या तिर्रीवर तीन कासवे. चितारी घराण्यांची ही कला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपत आली होती. तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उतारवयाला पोचलेल्या एका चिताऱ्याकडून ती उचलली आणि राजवाड्यातच कारागीर तयार केले. कला त्यामुळे वाचली. खेळ मात्र घराघरांतून कधीच उठून गेला होता.

त्याचे कारण खेळाच्या रचनेतच सापडते. दशावतारी गंजिफा तिघे खेळतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने. काही रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्यांत एक्का. उतारी दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. हुकूम नाही, म्हणून सगळी भिस्त स्मरणशक्तीवर: १२० पानांतली कोणती गेली आणि कोणती राहिली, हे ध्यानात ठेवायचे. त्यासाठी चादर हवी, निवांत दुपार हवी, बरोबरीचे गडी हवेत. धक्के खाणाऱ्या गाडीत, मांडीवर पोर घेऊन, पुढच्या स्टेशनावर कोण उतरेल याचा भरवसा नसताना हा डाव मांडता येत नाही.

युरोपियनांच्या जहाजांतून आलेले बावन्न पानांचे जोड एकोणिसाव्या शतकात छापखान्यांमुळे स्वस्त झाले. लंडनच्या टॉमस डे ला रूने १८३१ मध्ये पत्त्यांच्या रंगीत छपाईचे पेटंट घेतले. त्यानंतर हाताने रंगवलेल्या पानाला किमतीत टिकणे अवघडच होते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीही काळ ओळखून बावन्न पानांचे गोल जोड रंगवले. इस्पिकचा एक्का इतर एक्क्यांहून मोठा आणि नक्षीदार का, याचे उत्तरही त्याच काळात आहे. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण याच पानावर असे. तो कर १९६० मध्ये रद्द झाला, नक्षी मात्र आजही छापली जाते.

मराठी माणसाने ही पाने आपल्या डोळ्यांनी पाहिली. इंग्रजांना जिथे हृदय दिसले तिथे मराठीला बदाम दिसला, हिऱ्याच्या जागी चौकट. दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी अशी घरगुती नावे पानांना मिळाली. ‘हुकमाचा एक्का’ आणि ‘पत्ता कट’ हे शब्द तर पत्त्याला हात न लावणाऱ्यांच्याही तोंडी बसले.

प्रवासाला सर्वांत उपयोगी पडलेली सुधारणा अगदी बारीक आहे. पूर्वीच्या पानांच्या कोपऱ्यात आकडा आणि चिन्ह नसे. पान ओळखायचे तर ते पूर्ण उघडे दिसावे लागे, म्हणजे हातातली पाने ऐसपैस पसरावी लागत. १८७० च्या दशकात कोपऱ्यात आकडा छापलेले अमेरिकन जोड लोकप्रिय झाले. चित्रेही दोन्ही बाजूंनी सुलट दिसू लागली. आता तेरा पाने एका हातात पंख्यासारखी धरता येऊ लागली आणि दुसरा हात मोकळा राहिला, चहाच्या कपासाठी किंवा वरच्या बाकाचा आधार घेण्यासाठी.

आणि नेमक्या त्याच काळात रेल्वे लांबवर जाऊ लागली होती. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली सफर जेमतेम ३४ किलोमीटरची. तेवढ्यात एक डावही रंगला नसता. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ पलीकडे गेले, १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले, आणि प्रवास दिवसांत मोजायची वेळ आली. समोरासमोरचे लाकडी बाक, मध्ये हातभर जागा आणि बरोबर सगळे कुटुंब. मेंढीकोटाला याहून चांगली बैठक कोणती?

मेंढीकोटात मेंढी म्हणजे दश्शी. चौघांच्या दोन जोड्या, भिडू समोरासमोर, प्रत्येकी तेरा पाने. तीन दश्श्या ज्यांच्या हाती त्यांचा डाव. चारही आल्या तर कोट. कागद-पेन्सिल लागत नाही, चार मेंढ्या तेवढ्या डोळ्यांसमोर ठेवायच्या. तिघेच असतील तर पाच-तीन-दोन. सत्तीखालची पाने बाजूला काढायची, दोनच सत्त्या ठेवायच्या, म्हणजे तीस पाने उरतात, प्रत्येकी दहा. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, वाटणाऱ्याने दोन. ज्याचे हात कमी पडले त्याच्यावर कर्ज चढते आणि पुढच्या डावात ज्याने जास्त केले तो त्याच्या हातातून पाने ओढतो. कल्याणला झालेले कर्ज मनमाडपर्यंत फिटत नाही, यातच त्याची मजा.

शेजारच्या बाकावरची मुले सामील झाली की बदाम सात. बदामाची सत्ती ज्याच्याकडे त्याने ती ठेवायची, मग वर अठ्ठी, खाली छक्की. पाचजण खेळोत की आठजण, पाने वाटून टाकायची. आकडे मोजता येणारे पोर आणि सत्ती मुद्दाम दाबून ठेवणारी आजी इथे बरोबरीने खेळतात. झब्बू, गुलामचोर, चॅलेंज, नॉट ॲट होम ही त्याच घराण्यातली. सगळ्यांचे नियम दोन मिनिटांत सांगून होतात, खेळणाऱ्यांची संख्या नक्की नसते आणि मध्येच कोणी उतरले तरी डाव मोडत नाही. गंजिफाने जे मागितले, त्यातले काहीच हे खेळ मागत नाहीत.

वाहन बदलले की खेळही बदलला. भाऊच्या धक्क्यावरून दक्षिणेला जाणाऱ्या बोटींच्या डेकवर वळकट्या पसरून ऐसपैस डाव मांडता येत. एसटीने मात्र पत्त्यांची पंचाईत केली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी सुरू झाली, आणि तिच्या सगळ्या सीट पुढे तोंड करून. पाने टाकायची कुठे? सहलीच्या एसटीत म्हणूनच गाण्याच्या भेंड्या जिंकल्या. त्यांना मध्ये जागा लागत नाही, आवाज मागच्या सीटपर्यंत पोचला की झाले.

काही डाव समुद्रापारही गेले. कोकणात गणपतीच्या जागरणाला रंगणारा तीनशेचार हा खेळ तमिळनाडूत आणि श्रीलंकेतही आहे. गुलामाला ३०, नव्वीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०, राजाला ३ आणि राणीला २ गुण. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. १८६० मध्ये मद्रासहून ‘ट्रुरो’ जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन डर्बनला लागले, आणि तिथल्या भारतीय वस्तीत याच हिशेबाचा ‘थुनी’ हा खेळ रुजला. त्यात फक्त २४ पाने. अठ्ठीला आणि सत्तीला गुण नसतात, म्हणून त्या काढूनच टाकल्या.

गाडी कुडाळ सोडते तेव्हा टॉवेलवरचा डाव अर्ध्यावर असतो. झटपट पाने गोळा होतात, मोजली जातात: एक्कावन्न. बाकाखाली, चपलांमध्ये, खाऊच्या डब्याखाली शोध होतो. चौकटची तिर्री काही सापडत नाही. घरी पोचल्यावर जोकर बाहेर काढला जाईल आणि त्याच्या टोपीवर निळ्या बॉलपेनने लिहिले जाईल: चौ. ३. त्या जोडात आधीच एक जोकर किलवरची नव्वी झालेला आहे.