फॅविपिराविर : दुष्परिणाम

फॅविपिराविर हे तोंडावाटे घ्यायचे विषाणुरोधक औषध; इन्फ्लुएंझासाठी जपानमध्ये 2014 साली मान्य. कोविडसाठी मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने जून 2020 मध्ये ते ‘फॅबिफ्लू’ नावाने आणले. तेव्हा 200 मिग्रॅ.ची गोळी 103 रुपयांना होती, आणि पहिल्याच दिवशी अशा अठरा गोळ्या घ्यायच्या होत्या! रक्तातील यूरिक आम्ल वाढणे हा ठळक दुष्परिणाम. मूत्रपिंडातून या आम्लाचे उत्सर्जन मंदावते. औषध थांबवल्यावर पातळी सहसा पूर्ववत होते, पण संधिवाताच्या (गाउट) रुग्णांनी सावध राहावे. जुलाब, यकृतातील विकरांची वाढ व पांढऱ्या पेशींची घटही आढळते. प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भात व्यंग दिसल्याने गर्भवतींना ते वर्ज्य आहे. औषध वीर्यातही उतरते, म्हणून पुरुषांनाही गर्भनिरोधनाची सूचना असते. ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते.