मानेच्या शिरा आणि मुक्तीचा दावा

मल्टिपल स्क्लेरोसिस बहुधा ऐन विशी-तिशीत माणसाला गाठतो. शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं मायेलिनचं आवरण कुरतडू लागते. मग कुणाची नजर अधू होते, कुणाचे पाय साथ देत नाहीत, कुणाला थकव्याने उठवत नाही. अशा आजाराबद्दल 2009 साली इटलीतल्या फेरारा विद्यापीठातले रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद पाओलो झांबोनी यांनी वेगळंच काही मांडलं. त्यांच्या पत्नीलाही हाच आजार होता. त्यांचं म्हणणं असं, की मानेतल्या आणि छातीतल्या काही शिरा अरुंद झाल्यामुळे मेंदूतलं रक्त नीट खाली उतरत नाही, मोरी तुंबल्यावर पाणी मागे यावं तसं ते मागे ढकललं जातं, त्यातलं लोह मेंदूत साचतं आणि दाह सुरू होतो. निदान हे, तर उपाय उघडच होता: हृदयाच्या अँजिओप्लास्टीत वापरतात तसा फुगा शिरेत नेऊन ती रुंद करायची. या प्रक्रियेला ‘लिबरेशन’, म्हणजे मुक्ती, असं नाव पडलं. पुढच्या आठ वर्षांत जे घडलं त्याकडे पाहताना मला वाटतं, की या प्रकरणातला दोष कल्पनेत नव्हता, क्रमात होता. पडताळणीच्या आधी उपचार बाजारात गेला, आणि ज्यांनी पडताळणी करायची त्यांनीही ती वेळेवर हाती घेतली नाही.

कल्पना टाकाऊ नव्हती हे आधी मान्य करायला हवं. या आजारात मेंदूत जे डाग पडतात त्यांच्या मधोमध बऱ्याचदा एक बारीक शीर असते, हे एकोणिसाव्या शतकातल्या विकृतिशास्त्रज्ञांनीच पाहिलं होतं. 1930 च्या दशकात अमेरिकेत ट्रेसी पुटनम यांनी कुत्र्यांच्या मेंदूतल्या शिरा अडवून तसेच डाग पडतात का हे तपासलं होतं. म्हणजे शिरांवरचा संशय जुनाच होता. खटकायला हवे होते ते झांबोनींच्या पहिल्या अभ्यासाचे आकडे. 65 रुग्णांपैकी सर्वांत शिरांचा दोष सापडला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या 235 जणांपैकी एकातही नाही. अल्ट्रासाउंडवर शिरेचा आकार माणूस आडवा आहे की बसलेला, श्वास घेतोय की रोखून धरतोय, तपासणाऱ्याने यंत्र किती दाबलंय, यावरही बदलतो. अशा तपासणीत शंभर टक्के अचूकता दिसणं ही दिलासा देणारी गोष्ट नाही, पुन्हा मोजून पाहण्याचं कारण आहे. इतरांनी मोजलं तेव्हा चित्र विस्कटलं. अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांना हा दोष 56 टक्के रुग्णांत दिसला, पण सुमारे 23 टक्के निरोगी माणसांतही. कॅनडात शिरेत कॅथेटर घालून तपासलं तेव्हा अरुंद शिरा 74 टक्के रुग्णांत, 66 टक्के भावंडांत आणि 70 टक्के असंबंधित निरोगी लोकांत निघाल्या. अरुंद शीर हा माणसांच्या रचनेतला नेहमीचा फरक आहे, एवढाच अर्थ यातून निघतो.

तरीही उपचार घेतलेल्या अनेकांनी सांगितलं, की हातपाय गरम झाले, डोकं हलकं झालं, चालणं सुधारलं. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकणं अन्यायाचं होईल. ती माणसं खोटं बोलत नव्हती. पण हा आजार बहुतेकांत सुरुवातीला भरती-ओहोटीने चालतो. त्रास उसळतो, मग आपोआप ओसरतो, आणि माणूस उपचाराला जातो तो बहुधा त्रास टोकाला पोचल्यावर. त्यानंतर बरं वाटणं बऱ्याच अंशी ठरलेलंच असतं. झांबोनींच्या पहिल्या उपचार-अभ्यासातही ठळक सुधारणा दिसली ती अशाच रुग्णांत, आणि तिथे तुलनेला दुसरा गटच नव्हता. हा गुंता सोडवण्याचा मार्ग एकच होता: काहींच्या शिरेत फुगा फुगवायचा, काहींच्या शिरेत नुसता कॅथेटर नेऊन परत आणायचा, आणि कुणाचं काय केलं हे रुग्णाला व त्याला तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आजारी माणसावर असा बनाव करणं निर्दय आहे, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. पण अशी चाचणी अखेर झांबोनींनीच इटलीत केली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. त्यातल्या 115 रुग्णांपैकी ज्यांच्या शिरा खरोखर रुंद केल्या त्यांतले सुमारे 42 टक्के सुधारले. ज्यांच्यावर नुसता बनाव झाला त्यांतले सुमारे 49 टक्के. बनाव झालेला गट नसता तर पहिला आकडा उपचाराचं यश म्हणून जगभर मिरवला गेला असता. ही प्रक्रिया या आजारासाठी सुचवता येत नाही, असं झांबोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच लिहिलं. आपल्याच सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा आपल्याच हाताने छापणं सोपं नसतं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

कॅनडाच्या वाट्याला या गोष्टीचा सर्वांत कठीण भाग आला. मल्टिपल स्क्लेरोसिसचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी तो एक. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर या उपचाराचा कार्यक्रम झाला आणि रुग्णांची मागणी राजकारणापर्यंत पोचली. 2010 च्या ऑगस्टमध्ये सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने तज्ज्ञांची बैठक घेऊन चाचणी इतक्यात नको असा सल्ला दिला. पुढच्या वर्षी सरकारने चाचणीसाठी पैसे द्यायचं ठरवलं, आणि 104 रुग्णांवरच्या त्या चाचणीचं उत्तर आलं 2017 च्या मार्चमध्ये. उत्तर इटलीसारखंच होतं: काही फायदा नाही. मधल्या काळात हजारो माणसं पोलंड, कोस्टा रिका, मेक्सिको आणि भारतातल्या खाजगी रुग्णालयांत स्वतःच्या पैशाने गेली. त्यात आपल्याकडचे डॉक्टरही सहभागी होते, हे विसरता कामा नये. परतल्यावर शिरा पुन्हा आकसल्या, शीर उघडी राहावी म्हणून काहींना बसवलेल्या जाळीदार नळ्यांत, म्हणजे स्टेंटमध्ये, गुठळ्या झाल्या. 2012 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मृत्यू, पक्षाघात आणि जागेवरून सरकलेले स्टेंट यांचा उल्लेख करून इशारा दिला.

यावर रुग्णांचा रास्त प्रश्न होता: आमचे पाय आज जात आहेत, तुमच्या चाचणीची वाट किती वर्षं बघायची? या प्रश्नाचा रोख चाचणीवर धरला गेला, पण तो उशिरावर धरायला हवा होता. 2010 मध्येच बनावाच्या गटासह छोटी चाचणी सुरू झाली असती, तर दोनेक वर्षांत दिशा कळली असती आणि कित्येकांनी ती तिकिटं काढलीच नसती. औषधकंपन्यांना धंदा बुडायची भीती होती म्हणून शिरांचा उपचार दाबला गेला, असंही म्हटलं गेलं. औषधं महाग होती आणि कंपन्यांचे हितसंबंध होते, हे खरंच आहे. पण फुगा फुगवणाऱ्या रुग्णालयांचेही होते. दोघांच्याही हितसंबंधांना लगाम घालणारी गोष्ट तुलनेची चाचणीच आहे. ज्या रुग्णांचा आजार सुरुवातीपासून ओहोटी न येता वाढतच जातो त्यांच्यासाठी तोवर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं, आणि त्यांची घाई सर्वांत समजण्याजोगी होती. त्यांच्यासाठीचं पहिलं औषध, ऑक्रेलिझुमॅब, अमेरिकेत मंजूर झालं ते 2017 च्या त्याच मार्च महिन्यात. 732 रुग्णांवर, काहींना औषध आणि काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण देऊन, ते तपासलं गेलं होतं. त्याने अपंगत्व थांबलं नाही, फक्त त्याची वाढ काहीशी मंदावली.