झोळीत कोण झोपतं?

गेल्या हिवाळ्यात एका प्रवासवर्णनाचा अनुवाद करताना मी एका साध्या वाक्यापाशी अडले. निवेदक जंगलात दोन झाडांच्या मधे आपला हॅमॉक बांधतो आणि रात्रभर त्यात झोपतो. मी आधी ‘झोपाळा’ लिहिलं आणि खोडलं. झोपाळ्याला फळी असते, आणि आमच्या नागपूर-रायपूरकडच्या मराठीत त्याला बंगई म्हणतात. ‘पाळणा’ तान्ह्या बाळाचा, नाहीतर जत्रेतला. उरली ‘झोळी’. रायपूरच्या सदर बाजारात, सराफांच्या दुकानांमागच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे. तिथे दुपारी आईला ते वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, “झोळीत धडधाकट माणूस कशाला झोपेल गं? झोळीतून नेतात.”

आईचं माहेर गडचिरोलीकडचं. ती लहान असताना ऐन पावसाळ्यात तिच्या काकांना ताप चढला. रस्ता चिखलात गेलेला. चादरीची दोन टोकं बांबूला बांधून चौघांनी त्यांना खांद्यावर घेतलं. दवाखाना येण्याआधीच काका गेले आणि त्याच झोळीतून घरी आले. अशी झोळी काही इतिहासजमा झालेली नाही. गडचिरोली, नंदुरबार, पालघर, आणि इकडे बस्तर इथल्या रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णांना आणि बाळंतिणींना झोळीतून, डोलीतून किंवा खाटेवरून आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. आईच्या प्रश्नाने मला या टांगलेल्या बिछान्याच्या इतिहासाकडे वळवलं.

‘हॅमॉक’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून ‘हमाका’ असा स्पॅनिशमध्ये आला आणि तिथून इंग्रजीत गेला. ऑक्टोबर १४९२मध्ये बहामा बेटांवर उतरलेल्या कोलंबसने तिथल्या घरांमधल्या, सुती जाळ्यांसारख्या अंथरुणांची नोंद केली आहे. ओल्या जमिनीपासून आणि किड्यामुंगीपासून वर, हवेशीर, सकाळी गुंडाळून ठेवता येणारं हे अंथरूण ताइनोंच्या रोजच्या झोपेचं होतं. पुढच्या काही दशकांत वेठबिगारी, हिंसा आणि साथींनी तो समाज उद्ध्वस्त झाला. त्याची भाषा विरली. मात्र ‘हमाका’ आणि ‘कनोआ’, म्हणजे होडी, असे शब्द जगभर गेले.

युरोपच्या जहाजांना हे अंथरूण फार सोयीचं पडलं. जहाज कलंडलं तरी झोळी आपल्या वजनाने सरळ राहते. ब्रिटिश आरमारात सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती शिरली. पुढे जाड कॅनव्हासच्या या झोळ्या टांगायला प्रत्येक खलाशाला चौदा इंच रुंद जागा मिळे. सकाळी त्या गुंडाळून डेकच्या कडेला रचत. लढाईत बंदुकीच्या गोळ्यांना तेवढाच आडोसा. आणि खलाशी मेला, की त्याच झोळीत त्याला शिवून, पायाशी तोफेचा गोळा ठेवून समुद्रात सोडत.

जमिनीवर मात्र झोळीला खांदे लागले. ब्राझीलमध्ये वसाहतींचे मालक झोळीत पडून गुलामांच्या खांद्यांवरून फिरत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मंचील होतीच : एका दांड्याला लटकवलेली, भोयांनी वाहायची. संस्कृत ‘मंच’ तिच्या मुळाशी. पोर्तुगिजांनी तिला ‘माशिला’ म्हटलं, आणि तो शब्द त्यांच्याबरोबर मोझांबिकपर्यंत गेला. तिथेही गोरे अधिकारी माशिलेत आणि आफ्रिकी माणसं दांड्याखाली, असं विसाव्या शतकापर्यंत चाललं.

हे सगळं वाचल्यावर आईचं म्हणणं मला उमगलं. आपल्याकडे निजायला जमीन, बाज, खाट. झोळीत ठेवायचं ते तान्ह्या बाळाला किंवा आजाऱ्याला, आणि मंचिलीत बसायचे ते मोठे लोक. या सर्वांची दोरी किंवा दांडी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते. आपली झोळी आपण बांधायची, आपणच निजायचं आणि आपणच सोडायची, हा ताइनोंचा रोजचा व्यवहार आपल्या शब्दात मावत नव्हता.

शब्दांची अशी अडचण या गावाला नवी नाही. १७५८मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले, तेव्हापासून छत्तीसगढात मराठी घरं वसत गेली. त्यांच्यातलेच माधवराव सप्रे. त्यांनी १९००मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं, अर्थशास्त्राच्या हिंदी परिभाषेवरही काम केलं. शब्द नसेल तर जवळचा शब्द कामाला लावावा, वापराने त्याचा अर्थ रुंदावतो, हे मी त्यांच्यासारख्यांकडूनच शिकले.

पण वस्तू ठाऊक नसताना शब्द कसा निवडणार? जानेवारीत मुलीबरोबर बारनवापाऱ्याच्या बाजूला, एका ओळखीच्या शेतात दोन रात्री मुक्काम करायचं ठरलं, तेव्हा एक हॅमॉक घेतला. आधी चौकशी केली. दोन्ही टोकांना लाकडी दांड्या असलेला, सपाट ताणलेला हॅमॉक चित्रात छान दिसतो, पण कूस बदलताच उलटतो. रात्रीच्या झोपेला टोकं चुणून बांधलेली, साधारण अकरा फूट लांब आणि पाच फूट रुंद झोळी बरी. ती घट्ट ताणायची नाही. पट्टा आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करेल इतकी सैल ठेवली, तर सत्तर किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर सत्तर किलोच ताण येतो. दहा अंशांवर तो दोनशेच्या घरात जातो. झाडाची साल सोलू नये म्हणून दोरीऐवजी रुंद पट्टे. वर वाळकी फांदी नाही ना, ते आधी पाहायचं. थंडीत पाठीखाली जाड अंथरूण हवंच, कारण वारा खालून लागतो. आणि झोपायचं तिरपं. सरळ झोपलं तर अंगाचं केळं होतं. कर्णावर झोपलं की कापड पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट राहते.

मोहाच्या दोन झाडांमधे पहिल्या रात्री मला तासभर झोप आली नाही. दुसऱ्या रात्री थेट उजाडलं.

अनुवादात मी ‘झोळी’च ठेवली. फक्त त्या वाक्यात ‘स्वतःच बांधलेली’ एवढे दोन शब्द वाढवले. परत आल्यावर हॅमॉक अंगणात बांधला. आई त्यात बसली, पण पाय जमिनीवरच ठेवून. मी म्हटलं, आडवी हो, तिरपी. ती म्हणाली, “होईन. पण उठताना तू हात द्यायचा नाहीस.”