चार वर्षांचा हात आणि खेळाचा डबा

चार वर्षांच्या मुलाला व्हिडिओ गेमचा कन्सोल घेऊन द्यावा की नाही, हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. दिवाळीच्या खरेदीच्या सुमारास तर हमखास. प्रश्न आजचा वाटला तरी त्याच्यामागे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. या काळात त्याची उत्तरे प्रामुख्याने तीन निकषांवर दिली गेली. आधी मुलाचा हात पाहिला गेला, नंतर पडद्यावरचे दृश्य तपासले गेले आणि अखेर घड्याळ लावले गेले. प्रत्येक निकष आपापल्या काळाच्या गरजेतून किंवा भीतीतून आला, आणि नवा आला की जुना मागे पडला. शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र जुना निकषच अधिक उपयोगाचा आहे, असे हा इतिहास पाहताना वाटू लागते.

ठिपका आणि हुकूम

घरात टीव्हीला जोडून खेळायचा पहिला कन्सोल म्हणजे अमेरिकेत १९७२ साली विक्रीस आलेला मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून तो साकारला. त्याला आवाज नव्हता, गुण मोजता येत नव्हते; पडद्यावर हलत ते फक्त पांढरे ठिपके आणि एक रेघ. बाकीचा खेळ डब्यातल्या वस्तूंवर चाले. टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत पारदर्शक पडदे, फासे, पत्ते, खोट्या नोटा असा सगळा संसार त्या डब्यात होता. त्यातल्या एका खेळाचे नाव होते ‘सायमन सेज’. आपल्याकडे मुले ‘शिवाजी म्हणतो’ खेळतात, त्याचेच हे भावंड. पत्ता उचलून कोणी हुकूम सोडायचा आणि खेळणाऱ्याने आपला ठिपका काचेवरच्या चित्रातल्या त्या अवयवावर न्यायचा. त्याच डब्यात रूलेटचा जुगारही होता!

म्हणजे पहिल्या कन्सोलने वयाचा विचार केलाच नव्हता. बैठ्या खेळांच्या पेटीसारखी तो कुटुंबाची वस्तू होता. लहान मुलाने खेळावे की नाही, हे शेजारी बसलेला मोठा माणूस ठरवी. कारण हुकूम सोडायला, गुण लिहायला आणि भांडण मिटवायला माणसाशिवाय इलाज नव्हता. यंत्र पुढे हुशार होत गेले, तसा हा माणूस अनावश्यक होत गेला.

पहिला खरा विचार

१९७७ साली अटारीचा कन्सोल आला. काठीसारखी एक दांडी आणि एक लाल बटण, एवढेच त्याचे नियंत्रण. आज ते सोपे वाटते. पण एका हाताने दांडी वळवायची, दुसऱ्याने नेमक्या क्षणी बटण दाबायचे आणि नजर हातांवरून काढून पडद्यावर ठेवायची, ही तीन कामे एकाच वेळी करणे चार वर्षांच्या मुलाला अवघड असते.

ही अडचण ओळखणारे लोक खेळाच्या धंद्याबाहेरून आले. १९६९ पासून ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेने १९८०च्या दशकाच्या आरंभी संगणकासाठी वेगळी शाखा काढली आणि १९८३ मध्ये अटारीवर कुकी मॉन्स्टर, बिग बर्ड, अर्नी या पात्रांचे खेळ आले. या खेळांसाठी अटारीने दांडीऐवजी मोठ्या बटणांचा खास फलक काढला. प्रत्येक खेळासाठी त्यावर चित्रांचे वेगळे आवरण बसवता येई, म्हणजे कोणते बटण काय करते हे न वाचता कळावे. शाळापूर्व मुलाचा हात डोळ्यांसमोर ठेवून कन्सोलचे साधन बदलण्याचा हा सुरुवातीच्या काळातला एक ठळक प्रयत्न.

पण वर्ष चुकीचे निघाले. १९८३ मध्येच अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्या कोसळण्यात बटणांचा तो फलकही विस्मरणात गेला.

खेळण्यांच्या दुकानात प्रवेश

दोन वर्षांनी, १९८५ च्या शरदात, निन्टेंडोने न्यू यॉर्कमध्ये आपला कन्सोल विकायला काढला. दुकानदार व्हिडिओ गेमचे नाव ऐकायला तयार नव्हते. तेव्हा निन्टेंडोने सोबत रॉब नावाचा एक प्लास्टिकचा यंत्रमानव दिला आणि माल खेळणे म्हणून मांडला. ही विक्रीची युक्ती होती, पण तिचा परिणाम दूरवर गेला. जी वस्तू खेळण्यांच्या फळीवर दिसते ती लहान मुलाची, असे आईबाप धरून चालतात. डब्यातला खेळ मात्र तसा नव्हता. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सुरू होताच काही सेकंदांत समोरून एक तपकिरी अळंबीसारखा प्राणी चालत येतो. त्याच्यावरून वेळेत उडी मारता आली नाही की मारिओ मेला. चार वर्षांचे मूल पहिल्या डावात बहुधा तिथेच मरते, आणि दुसऱ्यातही.

इथे बालशिक्षणाच्या इतिहासाकडे क्षणभर वळावे लागते. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांचे मर्म असे की चूक शिक्षकाने दाखवायची नसते. ती वस्तूच दाखवते. लाकडी ठोकळ्यातल्या चुकीच्या खळग्यात दट्ट्या घातला, तर शेवटी एक दट्ट्या उरतो. मूल थांबते, पाहते, सगळे काढून पुन्हा लावते. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाईंनी बोर्डीला आणि अनुताई वाघांसह कोसबाडला तोच विचार गरिबाच्या अंगणात नेला. महागड्या साधनांच्या जागी तिथे शंखशिंपले आणि बिया आल्या, पण तत्त्व सुटले नाही.

मारिओही मुलाची चूक स्वतःच दाखवतो. त्या अर्थाने तो मॉन्टेसरींचा दूरचा नातेवाईक म्हणावा लागेल. फरक वेळेचा आहे. दट्ट्या मुलासाठी थांबून राहतो, समोरून येणारा प्राणी थांबत नाही. चुकीकडे पाहण्याची सवड हीच या वयाची मुख्य गरज असते, आणि बहुतेक खेळ नेमकी तीच काढून घेतात.

शिक्क्याचे राज्य

९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये जो लीबरमन आणि हर्ब कोल यांनी व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी घेतली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ या खेळांवरून गदारोळ उठला होता. सरकारने कायदा करण्याआधी उद्योगानेच १९९४ मध्ये स्वतःचे मानांकन मंडळ उभारले. त्याच्या पहिल्या श्रेण्यांत ‘अर्ली चाइल्डहुड’ अशी खास श्रेणी होती. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ईसी’ म्हणत. तीन वर्षे व त्यावरील मुलांसाठी, असा तिचा अर्थ. युरोपात २००३ पासून पेगी ही पद्धत आली आणि तिचा सर्वांत खालचा आकडाही ३ हाच आहे.

या शिक्क्यांचे खरे काम लक्षात घ्यायला हवे. ते आत रक्त, शिव्या, नग्नता आहे का एवढे सांगतात. खेळ त्या वयाच्या मुलाला जमेल का, हे ते सांगतच नाहीत, आणि पेगी तसे स्पष्ट म्हणते. ‘फिफा’ मालिकेतले फुटबॉलचे खेळ वर्षानुवर्षे ३ या आकड्यासह विकले गेले. त्यांचे दहा-बारा बटणांचे नियंत्रण तीन वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन पाहावे!

ईसी श्रेणीचे पुढे काय झाले? २०१८ मध्ये ती बंद करण्यात आली, कारण तिचा वापर जवळजवळ उरला नव्हता. ‘सर्वांसाठी’ या शिक्क्यात ती विरून गेली. जो शिक्का सर्वांना चालतो तो विक्रेत्याला अधिक सोयीचा असणार, असा तर्क करायला जागा आहे. परिणाम एवढाच, की सर्वांत लहान ग्राहकासाठी खास असलेले एकमेव अक्षरचिन्ह डब्यावरून पुसले गेले.

भारतात तर आरंभी शिक्का हा प्रकारच नव्हता. १९९०च्या दशकात आपल्या बाजारात आले ते निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला असलेले स्वस्त डबे, आणि ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटी. वय कोणते, हे त्यावर कोणी छापले नव्हते. मोठ्या भावाच्या हातातला रिमोट कधी मिळेल, यावर धाकट्याचे वय ठरे.

हात पुन्हा आठवला तेव्हा

हाताचा निकष मुख्य रस्त्यावरून हटला, तरी गल्लीबोळांत जिवंत राहिला. सेगाचा पिको १९९३ मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत आला. खेळ पुस्तकाच्या रूपात असे. पान उलटले की टीव्हीवरचे दृश्य बदले आणि जाड पेनाने पानावरचे चित्र दाबले की पात्र हले. अमेरिकेत तो १९९८ मध्ये आटोपला, जपानात बराच काळ टिकला. २००४ मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीने ३ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी ठसठशीत रंगीत बटणांचा व्ही.स्माइल काढला.

मोठ्या कंपन्यांना मूल आठवले ते धोक्याच्या निमित्ताने. २०११ मध्ये निन्टेंडोच्या थ्रीडीएसवर सहा वर्षे व त्याखालील मुलांनी त्रिमिती चित्र पाहू नये, अशी सूचना आली, कारण त्या वयात दृष्टी घडत असते. २०१७ च्या स्विचच्या इवल्याशा कार्डांना तर कडू लेप देण्यात आला, म्हणजे तोंडात घातले तर मूल थुंकून टाकेल. मूल वस्तू तोंडात घालते, हे सत्य कंपनीने मान्य केले ते असे.

त्याच वर्षीच्या ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’मध्ये गाडी आपोआप पळावी आणि रस्ता सोडू नये, अशी सोय आली. छोट्याला ताई-दादांबरोबर शर्यतीत बसता आले, हा मोठाच लाभ. पण दोन्ही सोयी चालू असल्या की काहीही न करता शर्यत जवळजवळ पुरी होते. मग खेळले कोण, मूल की यंत्र? अपयश काढून टाकणे आणि अपयशाकडे पाहायला वेळ देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घड्याळ

तिसरा निकष डॉक्टरांचा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना टीव्ही नको असा सल्ला दिला. २०१६ मध्ये तिने २ ते ५ या वयासाठी दिवसाला एक तास दर्जेदार कार्यक्रम, तोही मोठ्यांनी सोबत पाहावा, असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेची एप्रिल २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली तत्त्वे याच सुमाराची आहेत.

जागतिक संघटनेच्या मजकुरात हा एक तास एकटा येत नाही. ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटांची हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी, असे तिथे सोबतच म्हटले आहे. पडद्याचा तास म्हणजे बसून राहण्याची कमाल मर्यादा आहे. तो मुलाचा रोजचा रतीब नव्हे. घरोघरी मात्र तो ‘हक्काचा एक तास’ झाला.

तीनही निकष एकत्र ठेवले, तर पालकाला उपयोगी पडेल असे काही हाती लागते. शिक्का वाईट गोष्टी गाळतो, घड्याळ अतिरेक रोखते. खेळ या मुलासाठी आहे का, हे मात्र दोघेही सांगत नाहीत. ते पाहायला खेळ आधी स्वतः खेळावा लागतो. न वाचता तो समजतो का, चुकल्यावर तो थांबतो का, दोघांना मिळून खेळता येतो का आणि मध्येच सोडून उठता येते का, हे तेव्हाच कळते. बहुतेक खेळ या चाळणीत अडकतील. तसे झाले तर दोन-तीन वर्षे थांबल्याने मुलाचे काही हुकत नाही. जे मोजके खेळ उरतील, त्यांच्यासाठी शेजारी कोणीतरी बसणारे लागेल, आणि तेवढी सवड घरात आहे का, हे डबा विकत घेण्याआधी ठरवावे लागेल.