गाईची जीभ आणि तीन पुड्या

गावजबानचं पान सुकल्यावरही बोटाला टोचतं. करडं-हिरवं, जाड, आणि अंगभर पांढऱ्या बारीक फोडांसारखे दाणे. प्रत्येक दाण्यातून एक राठ केस निघालेला. लहानपणी वासरानं तळहात चाटला असेल, तर ते पान चिमटीत धरताक्षणी त्याची आठवण यावी. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात आजीच्या डब्यात ही पानं पुडीत असायची. पुडी उघडली की आम्ही मुलं एकमेकांच्या गालावर ती घासून पळत असू.

आजी ती मारोठिया बाजारातून आणायची. राजवाड्यावरून सराफ्याकडे निघालं की सुक्या मेव्याची आणि काष्ठौषधींची दुकानं लागतात, तो मारोठिया बाजार. हिवाळ्यात, गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या दिवसांत, कुणी ना कुणी खोकत असायचंच. आजी लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन दुकानाच्या पायरीशी उभी राहायची आणि नुसतं "जोशांदा" म्हणायची, म्हणजे खोकल्याच्या काढ्याचं साहित्य. ज्येष्ठमध, उन्नाव, खतमी, बनफशा, सपिस्तान आणि गावजबान. पंसारी वजन विचारत नसे. तो विचारायचा, "बाईसाब, कितने दिन का?" आजी म्हणायची, "तीन." मग तीन पुड्या बांधल्या जायच्या.

हा प्रश्न मी पन्नास वर्षं विसरून गेले होते. गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला तेव्हा तो परत आठवला. तिला पाचवा महिना लागला होता, खोकला हटत नव्हता. "मावशी, इथे बोरेजचा चहा मिळतो. पणजीआजी द्यायची ते गावजबान म्हणजे हेच ना? रोज घेऊ का?"

मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, इंदूरच्या मुलींना, तीस वर्षं. तरी त्या क्षणी मला 'हो' किंवा 'नाही' एका शब्दात देता आलं नाही. तिला म्हटलं, "अगं, आज घेऊ नकोस. उद्या सांगते." त्या 'उद्या'साठी मी जे सगळं पुन्हा उकरलं, ते इथे लिहिते आहे.

नावापासून सुरू करायला हवं, कारण घोटाळा तिथेच आहे. फारसीत 'गाव' म्हणजे गाय-बैल, 'जबान' म्हणजे जीभ. अरबीत हेच 'लिसान-उस्-सौर', बैलाची जीभ. त्याच्याही आधी ग्रीकांचं 'बूग्लोसॉन', अर्थ तोच. राठ पान बोटाला लागलं की माणसाला सगळीकडे एकच उपमा सुचली. इब्न सीनानं हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, त्यात ही बैलाची जीभ मन उल्हसित करणारं औषध म्हणून येते. युरोपात तिची निळी फुलं वाइनमध्ये घालत, धीर येतो म्हणून. युरोपातलं ते झाड बोरेज, शास्त्रीय नाव बोरॅगो ऑफिसिनॅलिस, भूमध्य समुद्राकाठचं.

पण इराणात आजही 'गावजबान' मागितलं तर जांभळी फुलं मिळतात ती एकियम अमीनम या वेगळ्या झाडाची. आणि आपल्या बाजारात जे पान येतं ते बहुतेक वेळा हिमालयातलं, काश्मीरकडचं ओनोस्मा ब्रॅक्टिएटम. मध्ये आणखी एक पाहुणा आहे. मुंबईत राहून औषधी द्रव्यांवर आयुष्य घालवलेला विल्यम डायमॉक. वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर त्यानं 1890 ते 1893 या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका'चे तीन खंड काढले. त्याच्या काळच्या मुंबईत गावजबान इराणकडून येई, आणि त्यानं त्याची ओळख पटवली ती कॅक्सिनिया ग्लाउका म्हणून. म्हणजे चार झाडं, एक जीभ. ही चारही झाडं एकाच कुळातली आहेत, बोरॅजिनेसी कुळातली, हे मात्र लक्षात ठेवायचं. पुढे तेच कामाला येतं.

आपल्या वैद्यांनी हिला 'गोजिव्हा' म्हटलं, आणि इथे गुंता वाढला. कारण गोजिव्हा हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता. चरकसंहितेत ती पालेभाज्यांच्या यादीत येते, वांग्याच्या शेजारी. हिमालयातलं हे काटेरी पान कुणी भाजी म्हणून खाईल, हे मला पटत नाही. कुणी गोजिव्हा म्हणजे आपली पाथरी मानतं, जिची भाजी विदर्भ-मराठवाड्यात करतात. कुणी हस्तिपद मानतं. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, बोरेजशी काडीचं नातं नसलेल्या.

माळव्यात हा शब्द फारसीच राहिला, याचं मला नवल वाटत नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर मांडू आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या खल्जी दरबारात 'निमतनामा' लिहिला गेला, फारसीत. त्यात सामोसे आहेत, अत्तरं आहेत आणि औषधंही, एकाच पोथीत, कारण त्या लोकांना स्वयंपाकघर आणि दवाखाना वेगळे वाटत नव्हते. पुढे 1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, मराठी घरं वाढली, आमचंही त्यातलंच एक. ती माणसं फडणीस होती, खासगीत कारकून होती. 'फडणीस' आणि 'खासगी' हे शब्दही फारसीतूनच आलेले. गुलकंद, सरबत, मोरांबा, हकीम, दवा, यातला एकही शब्द आम्हाला परका वाटला नाही. आमच्या आजोबांचा वैद्यांवर विश्वास होता, शेजारच्या बोहरी कुटुंबाचा हकिमांवर. पण दोघांचे कागद शेवटी एकाच पंसाऱ्याच्या गल्ल्यापाशी यायचे. वैद्याची गोजिव्हा आणि हकिमाचं गावजबान त्याच्याकडे एकाच बरणीत असायचं. त्या बरणीवर कुणी इतिहास लिहिलेला मी पाहिला नाही, आणि लिहायला हवा असं मनापासून वाटतं.

हकिमांकडचा गावजबानचा खरा थाट खमिऱ्यात. पानं, फुलं, रेशमाचे कोश, धणे, चंदन, बहमन रात्रभर पाण्यात भिजवून उकळायचे, गाळायचे, त्या पाण्यात साखर आणि मध घालून पाक करायचा. मग लाकडी घोटणीनं घोटत राहायचं, पाक पांढुरका होऊन फुलेपर्यंत. वर चांदीचा वर्ख. छातीत धडधड, मन उदास, झोप नाही, अशांना तो चमचाभर देत. आमच्या घरात खमिरा आला तो एकदाच, आजोबा गेल्यावर, आजीसाठी. शेजारच्या बोहरी आजीनं आणून दिला होता.

काढ्याची रीत साधी. गावजबान भिजलं की बुळबुळीत होतं, घशाला मऊ पडतं. पण ते केस घशात गेले तर खाज सुटते, म्हणून आजी काढा गाळणीतून गाळत नसे. जुन्या धोतराचं फडकं दुहेरी करून त्यातून गाळायची आणि फडकं पिळायची नाही. सपिस्तान म्हणजे सुकं भोकर, ज्याचं आपण लोणचं घालतो तेच. त्या झाडालाही जुन्या वर्गीकरणात बोरेजच्याच कुळात बसवलेलं होतं. एका पातेल्यात दोन भाऊबंद उकळत होते, आणि आजीला ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

आता ते कूळ.

बोरॅजिनेसीतल्या अनेक झाडांत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. झाड ती स्वतःच्या रक्षणासाठी बनवतं, जनावरांनी खाऊ नये म्हणून. पोटात गेल्यावर यकृत त्यांचं रूपांतर करतं, आणि त्या रूपांतरातून जे तयार होतं ते यकृताच्याच बारीक शिरांचं अस्तर जाळतं. शिरा बुजतात, रक्त तुंबतं, पोटात पाणी साठतं. हे एका घोटानं होत नाही. थोडं थोडं, रोज, महिनोन्‌महिने गेलं तर होतं, आणि मोठ्या मात्रेत गेलं तर काही आठवड्यांत. पान सुकवल्यानं ती द्रव्यं जात नाहीत. उकळल्यानं ती पाण्यात उतरतात. गर्भाचं आणि तान्ह्या बाळाचं यकृत त्यांच्यापुढे फार दुबळं असतं.

बोरेजच्या पानाफुलांत ती थोडी आहेत. ओनोस्माच्या काही जातींतही सापडली आहेत. आपल्या शेताच्या बांधावरचा छोटा कल्पा आणि ओढ्याकाठची भुरुंडी, दोन्ही याच कुळातल्या, दोन्हींत आहेत. जर्मनीतल्या औषध समितीनं बोरेजच्या पानाफुलांना औषध म्हणून मान्यता दिली नाही. तिथल्या सरकारनं 1992 साली अशा औषधांतल्या या अल्कलॉइडांवर मर्यादा घातली, दिवसाला 1 मायक्रोग्रॅम, तेही वर्षात सहा आठवड्यांपेक्षा जास्त नाही. त्याहून जास्त दिवस घ्यायचं तर 0.1 मायक्रोग्रॅम. बोरेजचाच भाऊ कॉम्फ्रे. त्याची पोटात घ्यायची उत्पादनं बाजारातून काढून घ्यायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2001 मध्ये सांगितलं.

हे सगळं परदेशातलं वाटेल. म्हणून सरगुजाबद्दल लिहिते. ही गोष्ट मी वर्गात दर वर्षी शिकवत असे आणि दर वर्षी माझा आवाज बदलत असे.

सरगुजा आज छत्तीसगडात आहे. 1970 च्या दशकात तो आमच्याच मध्य प्रदेशचा जिल्हा होता. तिथल्या चार आदिवासी गावांत माणसांची पोटं फुगायला लागली. आधी दुखायचं, मग पाणी भरायचं. 67 जण आजारी पडले, 28 गेले. डॉक्टरांनी माग काढला तो थेट जेवणाच्या ताटापर्यंत. लोक गोंदली खात होते, आपल्याकडच्या वरी-सावासारखं बारीक धान्य, आणि त्यात क्रोटालारियाचं बी मिसळलेलं होतं. क्रोटालारिया म्हणजे आपला खुळखुळा. ज्याच्या सुक्या शेंगा वाजवत आपण लहानपणी फिरलो, त्याचंच एक रानटी भावंड. कूळ वेगळं, शेंगांचं, पण विष तेच, पायरोलिझिडिन. 1976 साली 'लॅन्सेट'मध्ये याची नोंद आली. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात अफगाणिस्तानातल्या गव्हाची गोष्टही आली होती, तिथे बी हेलिओट्रोपियमचं होतं, म्हणजे भुरुंडीच्या बहिणीचं.

औषध म्हणून नव्हे, भाकरी म्हणून खाल्लेलं हे विष. पण त्या गावांनी आपल्याला शिकवलं की या द्रव्यांचा हिशेब मात्रेचा आणि दिवसांचा असतो. आणि मला पंसाऱ्याचा प्रश्न आठवला. कितने दिन का? त्याला अल्कलॉइड माहीत नव्हते, आजीला तर नावही उच्चारता आलं नसतं. तरी पुडी दिवसांवर बांधली जायची. तीन दिवसांत खोकला गेला नाही तर आजी डॉक्टरकडे न्यायची, चौथी पुडी आणायची नाही. त्या रीतीमुळे गावजबान निर्धोक ठरतं असा दावा मी करत नाही. पण आज तेच पान 'रोजचा हर्बल चहा' म्हणून डब्यात भरून विकतात आणि डब्यावर दिवस लिहीत नाहीत, त्याचा मला राग येतो.

बोरेजच्या बियांच्या तेलाची गोष्ट निराळी. त्यात गॅमा-लिनोलेनिक आम्ल भरपूर, आणि चांगलं शुद्ध केलेलं तेल अल्कलॉइडमुक्त असतं. इसबासाठी ते फार खपलं. 2013 च्या कॉक्रेन समीक्षेत बोरेज आणि इव्हनिंग प्रिमरोज तेलांच्या 27 चाचण्या तपासल्या गेल्या, इसबावर उपयोग दिसला नाही.

भाचीचा आणखी एक गैरसमज निघाला. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं की 'इंडियन बोरेज' तर भारतात कुंडीत लावतात आणि भजी करतात, मग भीती कसली? ते आपलं ओव्याचं पान, पानओवा. मांसल, कातरलेल्या कडेचं, चुरगाळलं की ओव्याचा वास येणारं, कारण त्यात कारव्हॅक्रॉल आणि थायमॉल. ते तुळशीच्या कुळातलं. बोरेजचं नाव त्याला कुणा इंग्रजानं चिकटवलं. माझ्या गच्चीत दोन कुंड्या आहेत. आणि छोट्या कल्प्यालाही इंग्रजीत 'इंडियन बोरेज'च म्हणतात! एक नाव भजीचं आणि तेच नाव विषारी तणाचं. नावावर विसंबून पोटात काही घेऊ नये, हे मी मुलींना फळ्यावर लिहून सांगायचे. त्यांना मारोठिया बाजारात न्यायचे, चार दुकानांतून गावजबान आणायला लावायचे. भिंगाखाली तीन पुड्यांत ते पांढरे दाणे दिसायचे. चौथीत एकदा अर्धी पानं गुळगुळीत निघाली, कुठल्या झाडाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीला सांगितलं: बोरेजचा चहा नको, गावजबानही नको, बाळ अंगावर पीत असेपर्यंत नको. गरम पाणी, मध, मिठाच्या गुळण्या, आणि खोकला आठवडाभर राहिला तर तुझ्या डॉक्टरला दाखव. आधी घेतलं असशील तर किती कप आणि किती दिवस, तेही त्यांना सांग. ती म्हणाली, "तीनच दिवस घेतलं, मावशी." मी नुसतं "बरं" म्हटलं. हात मात्र थरथरत होता.

संध्याकाळी मारोठिया बाजारात गेले. दुकान तेच असावं, पायरी तशीच उंच, काउंटरवर एक तरुण मुलगा. गावजबान मागितलं. त्यानं तराजू पुढे ओढला. "कितना दूँ आंटी? पाव किलो?" मी म्हटलं, "एक पुड़ी. तीन दिन की." त्याला समजेना. आतून एक म्हातारे गृहस्थ उठून आले, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि बरणीतून चिमटीनं पानं उचलून तीन कागदांवर ठेवली.

घरी आल्यावर भिंगातून पाहिलं. दाणे होते. पुड्यांवर तारीख आणि 'ओनोस्मा' लिहून त्या आजीच्या डब्यात ठेवल्या आहेत.